सरकार, हलू नका

संस्थानं विलीन झाली तेव्हा एका राजाचा फोटोवाला आमच्या राजपुऱ्यात राहायला आला. फागुनात तो तापीकाठी रानफुलांचे, किड्यांचे फोटो काढायचा. त्याचा कॅमेरा मी वाहायचो. माणसांना अरेतुरे करायचा, पण फुलपाखराला म्हणायचा, "सरकार, हलू नका." त्यानं दिलेला फुलपाखराचा फोटो मी देवाशेजारी टांगला होता. "कसं जिवंत बसलंय बघा," असं येईल त्याला सांगायचो.

एकदा फुलपाखरू काही केल्या बसेना. त्यानं ते पकडलं, चिमटीत दाबून मारलं, डिंकानं फुलावर चिकटवलं आणि तशाच अदबीनं म्हणाला, "सरकार, हलू नका."

मी म्हणालो, "अरे, मारलंस?"

"राजे बसायचे. हे कुठं बसतात? तुझ्या घरचं पण असंच चिकटवलंय."

तो फोटो मी त्याच दिवशी उतरवला. देवाशेजारचा खिळा मात्र अजून कुणाला उपटू देत नाही.