आईच्या लग्नाची साफसफाई

आमच्या घरातला तंत्रज्ञ मी आहे. (वाळूजच्या कारखान्यात मी खोकी मोजतो, पण घरात वायफायचा पासवर्ड दुसऱ्या कुणाला पाठ नाही!)

म्हणून मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर आईनं तिच्या लग्नाचा फोटो माझ्याच हाती दिला. एकुलता एक, पत्त्याएवढा, काळापांढरा.

"नुसता मोठा करून दे. आता दिसायलंय तर सगळी माणसं नीट बघू दे."

नुसता मोठा? माझ्यासारख्या माणसानं? मी मोबाईलवर डाग पुसले, रंग भरले, दारात मावणार नाही एवढी फ्रेम केली आणि सोयगावहून मामांनाही बोलावलं. फ्रेमवरचं कापड काढलं. टाळ्या मीच वाजवल्या.

"ह्यो लाल शालू कुणाचा?" मामा म्हणाले. "आपल्या बौद्धांच्यात नवरी पांढऱ्या साडीत असती की रं!"

खरंच की! आईच्या त्या पांढऱ्या साडीचं कौतुक ऐकतच मी मोठा झालो. मोबाईलला ते माहीत नव्हतं आणि मला आठवलं नाही.

"मला बरी वाटायली ही बाई," माझे वडील, अण्णा म्हणाले. "आधी कुठं होती?"

आई हसली नाही. ती फ्रेमला नाक लावून बघत होती. "माझी आई कुठंय?"

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "आई, आजीला जाऊन तीस वर्षं झाली गं."

"ठावं हाय, येड्या! फोटोतली इचारायले! मागं दारात उभी व्हती. तिचा तेवढाच फोटो हाय!"

दारातला तो करडा डाग मी स्वतःच्या बोटानं दोनदा पुसला होता. (पहिल्यांदा गेलाच नाही. आजी चिवट!)

"आरं, मूळ फोटो कुठंय?" मामा ओरडले.

मी सगळे खिसे चाचपले. तो मी फ्रेमवाल्याकडेच विसरलो होतो!

अण्णांनी शांतपणे खिशातून पाकीट काढलं. "मी कालच जाऊन आणला. ह्याचा काय भरवसा?"

त्यांनीच मोबाईलवर त्याचा साधा फोटो काढून आईपुढे धरला. आईनं दोन बोटांनी तो डाग मोठा केला. डागाला पदर आला, कपाळ आलं, डोळे आले.

"बघ रं," ती मामांना म्हणाली, "रडायली."

मग ती दोघंही रडली. मला स्वतःची लाज वाटली आणि मीही रडलो.

आता आई रोज दुपारी मोबाईलवर घरातले फोटो मोठे करकरून बघते. माझा आला की थांबते, चष्मा पुसते आणि अण्णांना विचारते, "व्हय वो, ते डाग पुसायचं बटन कंचं?"