फाटलेली आरोळी

ऑर्थेल मिम्सने उभ्या आयुष्यात एकदाच गाणं ध्वनिमुद्रित केलं, आणि हेलीना गावच्या बाप्टिस्ट चर्चमध्ये त्याची शिक्षा जन्मभर भोगली.

साल १९५७. रॉक अँड रोल नुकतंच लोकांच्या तोंडी बसत होतं. गल्लीतलाच क्लीओफस ट्रिबल पियानो बडवत मेम्फिसला निघाला, आणि मागे गायला म्हणून चर्चच्या क्वायरमधल्या ऑर्थेलला घेऊन गेला. ऐन ध्वनिमुद्रणात क्लीओफस एक ओळ विसरला. ती रिकामी जागा ऑर्थेलने एका आरोळीने भरून काढली. तिला सर्दी झाली होती. वर जाता जाता आवाज फाटला. लोकांना गाण्यापेक्षा ती फाटलेली आरोळीच जास्त आवडली.

चर्चला नाही आवडली. सैतानाचं गाणं गायली म्हणून तिला मंडळीसमोर उभं केलं, माफी मागायला लावली. आपल्याजवळची त्या गाण्याची तबकडी तिने चर्चच्या पायरीवर स्वतःच्या हाताने फोडली. माफी मिळाली. क्वायरमधली जागा काही मिळाली नाही. पुढे पुढे तर चर्चमधल्या नव्या बायकांना ती आरोळी तिची होती हेच खरं वाटेना.

"ऑर्थेलची आरोळी ऐकायचीय? तिचं दूध उतू जाऊ दे," त्यांच्यातली सिस्टर आयडेला म्हणायची.

क्लीओफस म्हातारा झाला, तेव्हा त्याच्या सबंध कारकिर्दीतल्या गाण्यांचा संच निघाला. एव्हाना चर्चमधले लोकही गावचा गायक म्हणून त्याचं कौतुक करू लागले होते. मधल्या काळात त्याने कंपनी बदलली होती. जुन्या फिती आधीच्या कंपनीकडेच अडकल्या, म्हणून ती गाणी त्याने नवे साथीदार घेऊन पुन्हा गायली, हे ऑर्थेलच्या कानावर होतं. पण संचात मूळचीच असणार, असं ती धरून चालली. रविवारी प्रार्थनेनंतर तिने आयडेलाला आणि आणखी दोघींना मुद्दाम जेवायला बोलावलं. तळलेला मासा केला, गोडाला पीचचा कॉब्लर भाजला.

गाणं लागलं. आरोळी आली.

"अगं बया!" आयडेलाने मांडीवर थाप मारली. "तूच की गं ही! चुकलं आमचं. उद्याच पाळकांशी बोलते. ईस्टरला तू क्वायरच्या पहिल्या रांगेत."

ऑर्थेलचा काटा हातातच राहिला. आवाज रेशमासारखा सरळ वर गेला होता. कुठेच फाटला नव्हता.

"ती मी नव्हे," ती म्हणाली.

"लाजतेस काय आता?"

"माझा आवाज फाटला होता, आयडेला. ही कुणीतरी मला ऐकून ऐकून शिकलीय. गाणं नंतर पुन्हा गायलंय."

बाकीच्या दोघी ताटात बघू लागल्या.

"म्हणजे इतकी वर्षं तू आम्हाला थापाच मारत होतीस," आयडेला म्हणाली. "बरं झालं बाई, पाळकांकडे जायच्या आधी कळलं." आणि तिने बशी पुढे केली.

कॉब्लरची कडेची खरपूस वडी ऑर्थेलने स्वतःसाठी राखून ठेवली होती. तीच तिने आयडेलाला वाढली.