मनगट कुठे थांबवायचं

माझ्या मावशीची नक्कल करता येत नाही. बाकी सगळ्यांची येते. आमच्या इमारतीचा रखवालदार आधी खोकतो आणि मग "कोण?" विचारतो, दूधवाला बेल वाजवून वर दारावर थापही मारतो, आईचा फोनवरचा आवाज घरातल्या आवाजापेक्षा दोन मजले वर असतो. हे सगळं मी करून दाखवते आणि लोक पोट धरून हसतात, ज्याची नक्कल चालू आहे तो सोडून. मावशीपाशी मात्र माझी डाळ शिजत नाही. तिचा आवाज वर जात नाही, खाली येत नाही. आणि दिवसभरात ती जे काही बोलते त्यातलं निम्मं "चालेल" असतं.

"चहा गार झालाय गं."

"चालेल."

"मावशी, दुपारभर पाणी येणार नाहीये."

"चालेल."

काकांनी लग्नाचं विचारलं तेव्हासुद्धा ती "चालेल" म्हणाली होती. काका अजून ऐकवतात. "लोकांना होकार मिळतो. मला चालेल मिळालं."

मावशी बायकांचे केस कापते. रस्त्याला लागून एक खोली, दोन खुर्च्या, कोपऱ्यात केस धुवायचं बेसिन आणि समोर भिंतभर आरसा. माझ्या जन्माच्या आधीपासून ती त्या आरशासमोर उभी आहे.

तिचे सांधे जन्मापासून सैल. लहानपणी माझी आई, म्हणजे तिची ताई, तिला पाहुण्यांपुढे उभी करायची आणि म्हणायची, "दाखव ना ते." मग ती अंगठा मागे नेऊन हाताला टेकवायची, बोटं उलटी वाकवायची. पाहुणे "शी! नको गं बाई!" म्हणायचे आणि लगेच, "परत दाखव." घरात तिचं नाव पडलं रबर. याला आजार म्हणतात हे कुणाच्या गावीही नव्हतं. ती मोठी झाल्यावर नाव कळलं, हायपरमोबिलिटी. नाव कळल्याने फरक एवढाच पडला की आईने "दाखव ना" म्हणणं बंद केलं.

सगळ्यात वाईट उजवं मनगट. ड्रायर धरून हात वर नेला की आतलं हाड जागा सोडतं. मावशी बोलणं न थांबवता मनगट खुर्चीच्या पाठीवर दाबते, टक् आवाज होतो, आणि ड्रायर परत चालू. गिऱ्हाइकांना वाटायचं खुर्चीच वाजली. "खुर्चीला तेल घाला हो जरा." मावशी म्हणायची, चालेल.

गेल्या वर्षापासून टक् व्हायला वेळ लागायला लागला. मग कात्री हातातून सुटायला लागली. एकदा ती एका बाईच्या मांडीवर पडली, टोक वर करून. बाई काही बोलल्या नाहीत. परत आल्याही नाहीत.

हाडांच्या डॉक्टरांकडे आम्ही चौघं गेलो. मला नेलं कारण आई म्हणाली, "हिला घ्या. पोपट आहे ही. डॉक्टर काय म्हणाले ते शब्द न् शब्द घरी येऊन सांगेल." तर सांगते.

"असं बघा," डॉक्टर म्हणाले. ते प्रत्येक वेळी "असं बघा" म्हणतात आणि स्वतः खिडकीबाहेर बघतात. "सांध्याला जागेवर धरून ठेवणाऱ्या दोऱ्या असतात. तुमच्या मुळातच सैल. मागे एकदा आपण त्या आवळून पाहिल्या, परत सैल झाल्या. नाडी आवळता येते, गेलेलं इलॅस्टिक आवळता येत नाही. असं बघा, आता सांधा बंदच करायचा. धातूची पट्टी, स्क्रू, हाडाला हाड जुळून एक होईल. मग निसटणं नाही. दुखणंही बरंच जाईल."

"आणि वाकेल का?" आईने विचारलं.

"वाकणार नाही. बोटं चालतील, तळहात वर-खाली फिरेल. मनगट मात्र जिथे थांबवू तिथे. कायमचं."

काका लिफ्ट दुरुस्त करतात. थांबवणं हा त्यांचा विषय. ते खुर्चीत पुढे सरकले. "पण थांबवणार कुठे?"

"असं बघा, ते यांनी सांगायचं. बहुतेकांना थोडं वर उचललेलं सोयीचं पडतं. पण यांचं कामच हाताचं, म्हणून आधी प्लास्टर घालून बघू. दोन आठवडे तसं वागा. जमलं तर तेच पक्कं करू. एकदा पट्टी बसली की मग थोडं इकडे, थोडं तिकडे, काही नाही." ते मावशीकडे वळले. "डोळे मिटा. हात आरामात धरा, तुम्हाला हवा तसा."

मावशीने डोळे मिटले आणि हात पुढे धरला.

"जरा खाली वाटतोय. हे ठीक?"

"चालेल."

प्लास्टरच्या खोलीतला माणूस सगळं तीनदा बोलतो. "हलू नका, हलू नका, हलू नका." ओल्या पट्ट्या गुंडाळताना त्याची जीभही दाताखाली गुंडाळली जाते. एरवी मी हे तिथल्या तिथे करून दाखवलं असतं. पण आई भिंतीकडे बघत होती, काका बुटाकडे, आणि मावशी कुठेच नाही.

बस थांब्यावर काकांनी प्लास्टरला एका डोळ्याने नेम धरला. "लिफ्ट मजल्याच्या चार बोटं खाली थांबली ना, तर दार उघडतं, दिवा लागतो, सगळं बरोबर दिसतं. फक्त माणूस बाहेर पडताना तोंडावर आपटतो. ही चार बोटं खाली आहे."

"चालेल," मावशी म्हणाली.

"चालेल काय? अगं, आयुष्यभराचं आहे!"

"अहो, बस आली."

घरी पोचल्यावर तिने रिपोर्ट दुकानातल्या टॉवेलांच्या कपाटात ठेवले आणि वाट बघत बसलेल्या एका मुलीचे केस डाव्या हाताने धुतले. मुलगी म्हणाली, पाणी फार गरम आहे. मावशीने नळ फिरवला. रडायचं काम आईने केलं, फोनवर, वरच्या आवाजात. मी मावशीला विचारलं, तुला भीती वाटत नाही का गं?

"काही वाटतच नाही," ती म्हणाली. "वाटायला हवं का?"

त्यानंतरचे काही दिवस ती प्लास्टर घालून नुसतीच दुकानात बसून राहिली. मग मुख्याध्यापिका बाई आल्या. त्या निवृत्त आहेत, पण शाळा त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. खुर्चीत बसल्या बसल्या स्वतःलाच म्हणतात, "मान सरळ!" आणि सरळ करतात.

"तू नाही कापलेस तर मी जाऊ कुणाकडे?" बाई म्हणाल्या. "बोटं बाहेर आहेत ना? मग काप."

"चालेल."

कात्री बोटांत बसत होती. पण मनगट खाली थांबलेलं, त्यामुळे कात्री सरळ धरायची तर मावशीला कोपर वर घ्यावं लागे, कोपरासाठी खांदा, खांद्यासाठी मान. एक बट कापायला अर्धं शरीर उचललं जात होतं. बाई त्यांच्या सुनेबद्दल बोलत होत्या. ती भाजी कशी चिरते यावर त्यांचा एक तास होतो. मावशी कापत होती.

शेवटी मावशीने नेहमीसारखा हातआरसा घेतला आणि बाईंच्या मागे धरला. मागून कसं झालंय ते गिऱ्हाइकाला दाखवायचं असतं. सगळ्या बायका मान थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे करतात आणि म्हणतात, छान.

"छान," बाई म्हणाल्या.

मावशीने आरसा खाली घेतला नाही. केस तिरके होते. उजवीकडून डावीकडे जिना उतरावा तसे. मला दिसत होतं, तिलाही दिसत होतं.

"बाई, नीट बघितलंत का?"

एवढ्या वर्षांत तिने हा प्रश्न कुणाला विचारलेला मी ऐकला नव्हता.

"छे गं. मी कधीच बघत नाही. चष्मा कुठे असतो डोळ्यांवर?"

"मग छान कसं म्हणता?"

"तू एवढा आरसा धरून उभी असतेस. काहीतरी म्हणायला नको?"

मावशीने समोरचा चष्मा उचलून बाईंच्या हातात दिला. बाईंनी तो घातला, हातआरशात पाहिलं, आणि त्यांच्या आवाजात शाळेची घंटा वाजली. "अगं बाई! हे काय! मी काय असं उतारावरून चालत आलेय का?" मग त्या स्वतःच इतक्या हसल्या की अंगावरचा कापडाचा घोळ खाली आला. मावशी हसली नाही. "सारखे करून देते," म्हणाली. आणि ओठ मिटून, खांदा वर काढून, सारखे केले. बाईंचे केस बरेच आखूड झाले.

बाई उठेनात. त्या आरशातून मावशीच्या हाताकडे बघत होत्या. "तू हात असा वाकडा का घालून घेतलास?"

"वाकडा नाहीये. सरळ आहे." मावशीने हात समोर धरला. भिंतीवरच्या आरशात तो खरंच सरळ दिसत होता.

"डोळे मीट. नाकाला बोट लाव. डाव्या हाताचं लाव, हवं तर."

मावशीने डोळे मिटले. बोट गालावर गेलं, तिथून घसरत डोळ्याच्या खाली. बाईंनी ते हळूच धरून नाकावर नेऊन ठेवलं, पहिलीतल्या मुलीचं ठेवावं तसं.

"कधीपासून असं?"

"पहिल्यापासून. मला आत काही कळत नाही, बाई. हात कुठे आहे ते आरशात दिसतं तेवढंच कळतं." ती केस झाडत म्हणाली, पाणी येणार नाही म्हणावं तितक्याच सपाटपणे. "म्हणून तर हे काम बरं पडलं."

"आणि डॉक्टरांनी काय सांगितलं? डोळे मिटून धरा?" बाईंनी कपाळावर हात मारला. "दे तो आरसा."

त्यांनी हातआरसा मावशीच्या बाजूला धरला, मागे धरतात तसा नाही, कडेला. समोरून सरळ दिसणारा हात बाजूने खाली झुकलेला होता. पाणी न मिळालेल्या रोपासारखा. मावशी त्याच्याकडे बघत राहिली. एक गिऱ्हाईक दार उघडून आत डोकावलं, "वेळ आहे का?" म्हणालं, आणि उत्तर न मिळाल्याने निघून गेलं.

मग तिने हातआरसा घेऊन जागेवर ठेवला. मी काकांना सगळं करून दाखवलं, बाईंची घंटासुद्धा. काका हसले नाहीत. "मी म्हटलं होतं, चार बोटं," एवढंच म्हणाले.

परत गेलो तेव्हा डॉक्टरांनी खिडकीबाहेर बघत विचारलं, "असं बघा, जमलं का? हेच पक्कं करायचं?"

मला वाटलं, आता मावशी म्हणणार. तोच शब्द, त्याच आवाजात. तोंड उघडायच्या आधी तिचा श्वास जसा बसतो तसाच बसला होता.

"परत घालून बघायचंय," मावशी म्हणाली.

प्लास्टरच्या माणसाने जुनं प्लास्टर करवतीने कापलं. "घाबरू नका, घाबरू नका, घाबरू नका." ती घाबरत नव्हती. आतून हात निघाला, पांढरा, बारीक, दुसऱ्या कुणाचा सांभाळायला दिल्यासारखा. कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन होतं, त्यावर एक डागाळलेला आरसा. मावशी उठून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिने पिशवीतून दुकानातला हातआरसा काढला.

"ताई, हा धर. मागे नको. बाजूला."

आईने धरला. मावशीने डाव्या हाताने कंगवा काढून उजव्या बोटांत अडकवला.

"डोळे मिटून हात सैल सोडा," आमच्यामागे आलेले डॉक्टर म्हणाले.

"मिटून नको."

ओल्या पट्ट्या गुंडाळायला सुरुवात झाली. पांढरं पाणी तिच्या कोपरावरून जमिनीवर ठिबकत होतं. समोरच्या आरशातून बाजूच्या आरशात, बाजूच्या आरशातून समोरच्यात, तिची नजर जात-येत होती, एखाद्याचे दोन्हीकडचे केस जुळवताना जाते तशी.

"छान दिसतंय गं," आई म्हणाली.

"नाही," मावशी म्हणाली. "थोडं वर."

"सुकतंय, सुकतंय, सुकतंय!" प्लास्टरवाला म्हणाला.

"थोडं वर. थांबा. ताई, आरसा हलवू नकोस. अजून. आता जास्त झालं. खाली. एवढंसं."

"अहो, आता दगड होईल हे!"

"हां."

प्लास्टरवाल्याने दोन्ही तळवे त्यावर दाबून धरले. डॉक्टर पहिल्यांदाच खिडकी सोडून बघत होते.

"चालेल?" त्यांनी विचारलं.

मावशीने कंगवा हवेत खाली ओढला, जणू समोर कुणीतरी बसलंय. मग परत एकदा. खांदा जागचा हलला नाही.

"गरम होतंय," ती म्हणाली.

"होतं, होतं, होतं," प्लास्टरवाला म्हणाला. "सुकताना गरम होतं. मग गार पडतं."

"मला कळतंय," मावशी म्हणाली. डॉक्टरांना उत्तर द्यायचं राहिलं होतं, म्हणून तिने त्यांच्याकडे पाहिलं. "दोन आठवडे काम करून बघते. मग सांगते."