भैरूच्या खुणेची मेंढी

मी जन्माची ख्रिस्ती, आजोबांपासूनची. त्यामुळे नव्याने विश्वासात आलेल्या माणसांकडे मी जरा वरूनच बघायचे, हे आधीच कबूल करते. कासार आंबोलीच्या शाळेत बावीस वर्षं शिकवलं. तपासायची खोड काही जात नाही. चार वर्षांपूर्वी पिराजी धनगर आमच्या रविवारच्या प्रार्थनेला पहिल्यांदा आला, तेव्हा मनात म्हटलं, बघू किती दिवस टिकतो.

टिकला. बाप्तिस्माही घेतला. बायको चिमाबाई आली नाही, पण तिने अडवलंही नाही. "दारू सुटली न्हवं? मग कुनाच्याबी पाया पडा," म्हणाली. पिराजीची प्रार्थना एकच असायची आणि ती पत्र्याच्या खोलीत घुमायची: "देवा, समदं तुझं हाय." मला ते ऐकून राग यायचा. इतकं सोपं असतं का ते?

गेल्या माघात पाळकसाहेबांनी हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगितली. शंभरातलं एक चुकतं आणि धनी बाकीची सोडून त्यालाच शोधत फिरतो. आम्हा सगळ्यांना ती पाठ. आम्ही सवयीने माना हलवल्या. पिराजी मात्र उठला आणि तडक बाहेर गेला. मी मागोमाग गेले, तर हा नळाशी उभा.

"बाई, त्या धन्याला मेंढरू घावलं. पन दुसऱ्या कुनी ते ठेवून घेतलं आसतं तर?"

मग त्याने सगळं सांगितलं. सहा वर्षांपूर्वी माणच्या भैरूची एक मेंढी चुकून ह्याच्या कळपात आली. धनगरांत प्रत्येक घराची कानाची खूण ठरलेली असते. भैरूची खूण म्हणजे डाव्या कानाच्या टोकाला खाच. पिराजीची, डावा कान अर्धा कापलेला. ह्याने कात्री घेतली आणि त्या मेंढीचा कान अर्धा केला. खाच त्यातच गेली.

भैरूचा धाकटा भाऊ बिरदेव मेंढरं वळायचा. त्याने ती मेंढी तोंडावरून ओळखली आणि बोभाटा केला. बिरोबाच्या ठाण्यावर भावकी बसली. पिराजीने भंडारा उचलून शपथ घेतली की मेंढी माझ्या घरची. कानही तेच सांगत होता. मग बिरदेवनेच मेंढी विकली आणि वर दुसऱ्यावर आळ घेतला, असं ठरलं. भैरूने सख्ख्या भावाला घराबाहेर काढलं. आता बिरदेव आमच्याच गावात एका बंगल्यावर वॉचमन आहे. पिराजी त्या फाटकासमोरून कधी मेंढरं नेत नाही. लांबच्या ओढ्याने वळसा घालतो.

"देव बदलला की शपथ फिटली, आसं वाटलं हुतं मला," तो म्हणाला.

पाळकसाहेबांनी सल्ला दिला की भैरूच्या घरी जा, मेंढी दे, क्षमा माग. मलाही ते पटलं. बिरोबाच्या ठाण्यावर आता ह्याचं काय काम? पिराजीने ऐकलं नाही.

"खोटं भावकीत बोललो, मोठ्यांदा. आन् खरं घरात कुजबुजू व्हय?"

चिमाबाईने डोकं धरलं. "अपेक्षाचं लगीन जमवायचं हाय. बापाच्या तोंडाला काळं लागलं तर पोरीला कोन करून घेईल?"

पिराजी म्हणाला, "बिरदेवचं जमलं का लगीन?"

चिमाबाई उठून चुलीपाशी गेली. मीच चिडून म्हटलं, "अरे, भावकीने तोडलं तर? त्याचा विचार केलास?"

"समदं तुझं म्हनलोय त्याला, बाई. त्यात माझं नाव येत न्हाई का?"

खरं सांगायचं तर मला लाज वाटली. समर्पणाची गाणी मी पन्नास वर्षं गातेय, आणि माझं नाव मी कायम बाजूला काढून ठेवलेलं.

चैत्रात भावकी ठाण्यावर जमली. आदल्या दिवशी पिराजी त्या बंगल्याच्या फाटकावर गेला आणि बिरदेवला एवढंच म्हणाला, "उद्या ठान्यावर ये." चिमाबाई एकटी जायला घाबरत होती, म्हणून मी सोबत गेले. पिराजीने म्हातारी झालेली ती मेंढी दोरीला धरून आणली होती. काठी मात्र घरी ठेवली होती. डोक्यावरचा पटका काढून त्याने जमिनीवर ठेवला आणि सगळं सांगितलं. कान, कात्री, भंडारा, काही वगळलं नाही. आवाज एकदाही खाली आला नाही.

भैरू अंगावर धावून आला. त्याच्याकडे आता मेंढरं नाहीत. माणमध्ये खोल्या भाड्याने देतो. "मेंढीचं काय घिऊन बसलास? भाऊ घालवलास तू माझा!" चौघांनी त्याला धरलं. कुणी शिव्या दिल्या, कुणी थुंकलं. पिराजी जागचा हलला नाही.

बिरदेव मागे उभा होता, वॉचमनच्या निळ्या शर्टात. तो पुढे आला. पिराजीकडे बघितलंही नाही. मेंढीपाशी बसला आणि तिच्या तुटक्या कानाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला.

"तुझ्या कळपात वळखली त्या दिवशी मी हिला हाक मारली हुती," तो म्हणाला. "आली हुती का न्हाई माझ्याकडं?"

"आली हुती," पिराजी म्हणाला. "मीच काठीनं मागं वळवली."

मला रडू आवरेना. चिमाबाईने माझा हात घट्ट धरला.

माफ केलं, असं बिरदेव म्हणाला नाही. त्याने मेंढीच्या गळ्यातली दोरी सोडली, उठला आणि वीस पावलं लांब जाऊन उभा राहिला. भावाकडे बघितलं, जमलेल्या सगळ्यांकडे बघितलं आणि मग हाक दिली.

मेंढीने मान वर केली आणि निघाली. वाटेत पिराजी उभा होता. तो बाजूला झाला.