कागदाचे दरवाजे

आमच्या घरात माझ्याविषयी एक गोष्ट सांगितली जाते. आजोबा तरुणपणी सरकारी जीपवर ड्रायव्हर होते, त्या जीपला दरवाजे नव्हते, आजोबांनी ते स्वतःच्या हाताने केले, आणि त्या कामावर खूश होऊन साहेबांनी त्यांना पुण्याच्या वर्कशॉपमध्ये घेतले. आधी माझा मुलगा ही गोष्ट सांगायचा, आता नातवंडं सांगतात. गेल्या दिवाळीत घरी आलेल्या नव्या सोयऱ्यांसमोर ती पुन्हा सांगितली गेली. मी मान हलवत बसलो. आता मान हलवायचाही कंटाळा आला आहे. ते दरवाजे मी केले नव्हते.

मी मूळचा बोरी बुद्रुकचा. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. जुन्नरला मलेरियाच्या फवारणीचं पथक होतं, त्याच्या जीपवर मला नोकरी लागली. जीप लढाईतली, लिलावातून आलेली. वर ताडपत्रीचं छत, पुढे काच आणि दोन्ही बाजू सताड उघड्या. दरवाज्याच्या जागी एक पट्टा अडकवायचा, एवढंच. उन्हाळ्यात धूळ खाऊन दिवस निघायचे, पण आपटाळ्याच्या पुढे किंवा घोडेगाव सोडून डिंभ्याकडे वळलं की पाऊस आडवा येतो. पहिल्याच वर्षी डीडीटीची पोती भिजून पावडरीचे गोळे झाले आणि पंप तुंबले. शेजारी बसणारे आमचे साहेब, पथकाचे डॉक्टर, तापाने महिनाभर अंथरुणावर पडले. साहेब कडक होते, पण मनाने वाईट नव्हते. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी मला बोलावून सांगितलं, "वरून मंजुरी येईपर्यंत आणखी दोन पावसाळे जातील. तू काहीतरी दरवाजे बसव."

पहिले दरवाजे मी पत्र्याचे केले. ते खरंच माझे होते. रिकामी पिंपं कापली, पत्रा ठोकून सरळ केला, बिजागऱ्या बोल्टने कसल्या. चौथ्या दिवशी एका ओढ्यातून वर चढताना बोल्टांसकट पत्रा फाटला आणि डावा दरवाजा मागे रस्त्यात पडला. मला कळलंही नाही. मागून येणाऱ्या बैलगाडीवाल्याने तो गाडीत घालून आणून दिला.

"ड्रायव्हरसायेब," तो म्हणाला, "समदी गाडी आशीच थोडी थोडी टाकत जानार व्हय?"

साहेब हसले, मी हसलो नाही. मग सुताराकडून आंब्याच्या फळ्यांचे करून घेतले. ते इतके जड झाले की दोन्ही हातांनी उचलून धरल्याशिवाय लागत नव्हते. वळवाची एक सर आली, फळ्या फुगल्या आणि साहेब आत अडकले. माझ्या बाजूने पाय वर घेऊन त्यांना उतरावं लागलं. उतरल्यावर धोतर झटकत ते एवढंच म्हणाले, "आठ दिवस देतो."

मी जुन्नरात कागद्यांच्या आळीच्या तोंडाशी एका खोलीत राहायचो. हाताने कागद करणाऱ्या मुसलमान कारागिरांची ती आळी. एके काळी घरोघर कागदाच्या लगद्याचे हौद होते, आणि दफ्तरात जुन्नरी कागद लागायचा. गिरणीचा कागद आला आणि एकेक हौद बंद पडत गेला. माझ्या वेळी एकच चालू होता, तो माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या कारागिराचा. त्यांना सगळे चाचा म्हणत, मीही म्हणायचो. मी दारात फळ्या ठोकत बसलो होतो, तेव्हा ते ओले हात पुसत येऊन उभे राहिले.

"दोन दिस बघतुया," चाचा म्हणाले. "दाराला मारतुयास का नशिबाला?"

"साहेबांनी आठ दिवस दिलेत, चाचा."

"मग सात दिस झोप आन आठव्या दिशी सायबाला सांग, दुसरा ड्रायव्हर बघा."

मग त्यांनी मला जीपचं एक चाक मोठ्या दगडावर चढवायला लावलं. स्वतः खाली बसून गाडीकडे बघत राहिले, आणि मलाही बघायला लावलं. "बघ. गाडी पिळती. तुझं दार पिळत न्हाई. मग दोगांतलं एक तुटनारच. गाडी सरकारची हाय, ती कशाला तुटंल?"

"मग कशाचं करू?"

"कागदाचं."

मी हसलो तसे तेही हसले. "हस, हस. कागदाच्या गाडीत बसाय सायेब काय ताबूत हाय का? पन माझा कागद तू फाडून दाखव." त्यांनी घरातून एक पुठ्ठा आणला. मला तो फाडता तर आला नाहीच, धड दुमडताही आला नाही.

आठ दिवसांचे बारा झाले. साहेबांना मी काहीतरी कारण सांगितलं. त्या बारा दिवसांत मी जे पाहिलं ते आता सांगायला दुसरं कोणी उरलेलं नाही, म्हणून सांगतो. चाचांचा कागद तागाचा. जुनी गोणपाटं आणि दोरखंडं चुन्यात कुजवून, कुटून, नदीवर धुऊन त्याचा लगदा करायचा, तो हौदात सोडायचा आणि साच्यावर उचलायचा. त्या कागदाचे तीस-चाळीस ताव त्यांनी चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवले. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घातलं. वर-खाली मांजरपाट लावलं आणि सगळं दगडांखाली दाबून ठेवलं. वाळल्यावर बांबूच्या चौकटीवर ताणून शिवलं. मग कढवलेल्या जवसाच्या तेलाचे हात, एकावर एक, प्रत्येक हात वाळू देऊन. शेवटी गुळगुळीत दगडाने असं घोटलं की त्यावर बोट घसरावं. बिजागऱ्या लोखंडाच्या नव्हत्याच, इंजिनाच्या जुन्या पट्ट्याचे तुकडे कापून लावले होते. माझं काम दगड उचलण्याचं आणि शेवटी सरकारी रंग मारण्याचं. रंग मारल्यावर तो कागद आहे हे कोणाला ओळखता आलं नसतं. एका हाताच्या दोन बोटांवर दरवाजा उचलला जायचा.

रंग वाळत असताना मी म्हणालो, "चाचा, साहेबांना आत्ताच कागद म्हणून सांगायला नको. बसणार नाहीत ते. सध्या प्लायवूड सांगू. एक पावसाळा जाऊ द्या, टिकले की मग खरं सांगू."

 चाचा म्हणाले, "सांग. पन पावसाळा सरला की तुझ्या तोंडानं सांग. माझं सरकारात कोन ऐकतंय? तुझ्या खात्याला लई गाड्या हायेत. पावडरीला डबं लागत्यात, झाकनं लागत्यात. पाच-पन्नास नग जरी मागितलं तरी माझा हौद चालतोय. न्हाई तर या दिवाळीला मी तो बुजिवनार."

"सांगतो," मी म्हणालो. मनापासून म्हणालो होतो, हेही लिहून ठेवतो.

पावसाळा नेहमीसारखाच पडला. आम्ही आडव्या पावसात डिंभ्याकडे गेलो, चिखलात रुतलो, ओढ्यांत अडकलो. एकदा लोक ढकलत असताना जीप अशी कलंडली की दरवाजा कमानीसारखा वाकला आणि परत सरळ झाला. आत पावडर कोरडी, साहेब कोरडे. "प्लायवूड चांगलं मिळालं तुला," ते म्हणायचे. मी "होय साहेब" म्हणायचो. दर खेपेला ते म्हणणं थोडं सोपं जायचं. श्रावणात त्यांनी माझं कौतुक कागदोपत्री केलं आणि मला दाखवलं. त्यात माझं नाव होतं. माझं नाव सरकारी कागदावर टाईप केलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

दसऱ्यानंतर पुण्याहून मोठे साहेब तपासणीला येणार असं कळलं. मीच चाचांना जाऊन सांगितलं, त्या दिवशी ऑफिसवर या. ते धुतलेला सदरा घालून, टोपी घालून आले. काखेत रंग न दिलेल्या पुठ्ठ्याचा तुकडा होता, कागद दिसावा म्हणून मुद्दाम कोरा ठेवलेला. फाटकापाशी कडुनिंबाखाली उभे राहिले.

मोठ्या साहेबांनी दरवाजा उघडला, लावला, बोटाने वाजवला. "हे कोणी केलं?"

आमच्या साहेबांनी माझ्याकडे हात केला. मोठे साहेब माझ्याकडे वळले. "तूच केलंस हे?"

फाटक दहा पावलांवर होतं. मी तिकडे पाहिलं नाही. "होय, साहेब," मी म्हणालो.

"प्लायवूड कुठलं?"

"पुण्याचं, साहेब."

"असा माणूस आम्हाला वर्कशॉपमध्ये हवा," ते आमच्या साहेबांना म्हणाले. मग सगळे चहाला आत गेले.

मला कोणी धमकावलं नव्हतं. कागद म्हटलं असतं तर साहेब कदाचित हसले असते, कदाचित रागावले असते, नोकरी काही गेली नसती. फार तर कौतुक गेलं असतं. एवढ्यासाठीच मी ते केलं. याहून मोठं कारण मी पुष्कळ वर्षं शोधलं, सापडलं नाही.

संध्याकाळी मी चाचांच्या दारात गेलो. ते साचा धूत होते.

"साहेब घाईत होते, चाचा," मी म्हणालो. "बोलायला सवडच मिळाली नाही."

"व्हय," ते म्हणाले. "घाईत दिसत व्हते." मग आत पाहून चहा टाकायला सांगितला. मी तो चहा प्यायलो.

दिवाळीच्या आतच माझी पुण्याला बदली झाली. दिवाळीला गावी गेलो, पण वाट वाकडी करून जुन्नरला गेलो नाही.

पुण्यात माझं बरं चाललं. लग्न झालं, फिटरचा हेड फिटर झालो. पाचवा पावसाळा काढून ती जीप मोडीत काढायला आमच्याच वर्कशॉपमध्ये आली. इंजिन गेलेलं, तळाचा पत्रा गंजून खाली रस्ता दिसायचा, छताच्या चिंध्या झालेल्या. दरवाजे मात्र होते तसेच. नव्या ड्रायव्हरने फक्त बिजागरीचे पट्टे एकदा बदलले होते. एका फिटरने गंमत म्हणून दरवाजात करवत घातली आणि थांबला. कापलेल्या कडेला पदर न् पदर वेगळा दिसत होता.

"आयला, हा तर कागद हाय," तो म्हणाला. सगळे गोळा झाले. फोरमन माझ्याकडे वळला. "काय हो, हे तुमचंच ना काम? प्लायवूड ना हे?"

त्या क्षणी सगळं आपोआप माझ्यापुढे येऊन उभं राहिलं होतं. मला फक्त हो, कागद आहे, आणि तो अमक्याने केला, एवढं म्हणायचं होतं. मी म्हणालो, "जुन्नरचा एक कागदी होता. प्लायवूड म्हणून गळ्यात मारलं त्यानं."

मोठा हशा झाला. मीही त्यात होतो. पुढे कितीतरी वर्षं वर्कशॉपमध्ये कुठलाही नकली पार्ट आला की कोणीतरी म्हणायचं, "जुन्नरी प्लायवूड दिसतंय." नव्याने लागलेल्यांना ते कुठून आलं हेही माहीत नव्हतं. मी निवृत्त झालो तोवर ते चालू होतं. पाच पावसाळे टिकलेली वस्तू आणि तिचं नाव असं पडलं. मी एकदाही कोणाला अडवलं नाही.

जीप मोडीत निघाली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात थोरल्या भावाबरोबर बेल्ह्याच्या बाजाराला गेलो होतो. बैल घ्यायचा होता. बाजाराच्या कडेला दोरखंडं विकणाऱ्यांची रांग होती आणि त्यात चाचा बसले होते. पुढ्यात कासरे आणि दावी. ताग तोच, आता त्याचा ते दोर वळत होते. मला त्यांनी लगेच ओळखलं.

"या पावनं. लई जाड झालाव," ते म्हणाले. भावाला म्हणाले, "बैल घेताय तर दावं माझ्याकडनंच घ्या. हे तुटायचं न्हाई, बैल दमंल." हौदाचा विषय मी काढला नाही. त्यांनीच सांगितलं, त्याच दिवाळीला बुजवला. मग दाव्यांची गुंडाळी करता करता, वर न बघता त्यांनी विचारलं, "ती दारं किती पावसाळं टिकली रं?"

पाच म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न आला असता, मग तू सांगितलं का न्हाईस. भाऊ शेजारी उभा होता. मी म्हणालो, "पहिला पावसाळा चांगला काढला, चाचा. दुसऱ्यात पदर सुटले."

त्यांचे हात थांबले. ते रागावले नव्हते. कारागीर आपली चूक शोधतो तसे शोधत होते.

"खळीत चुकलं आसंल," ते म्हणाले. "चिंचोका जुना व्हता त्या साली. नायतर तेलाचा एक हात कमी पडला. बरं झालं तू सायबाला बोलला न्हाईस. तुझी नोकरी गेली आसती."

भावाने दावं घेतलं आणि आम्ही बैलाकडे गेलो. चाचा त्यानंतर दोन-तीन वर्षांत गेले असं कानावर आलं. त्यांना जाऊन खरं सांगायला दोन-तीन वर्षं होती आणि पुण्याहून जुन्नरला रोज गाडी होती.

तेव्हा आता लिहितो. दरवाजे जुन्नरच्या कागद्याने केले, कागदाचे केले आणि कागदाचेच म्हणून केले. त्याने कोणाला फसवलं नाही. चिंचोका जुना नव्हता, तेलाचा हात कमी पडला नव्हता. खळ बरोबर होती.