पंगतीचं टोक

आमच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या शिंदेबाई नवा धडा सुरू करताना फळ्याजवळ थांबत नाहीत. त्या सरळ शेवटच्या बाकाशी जातात, पहिलं गणित तिथल्या मुलांना घालतात आणि मग एकेक बाक करत पुढे येतात. मी एकदा कारण विचारलं.

"आईबरोबर मी लग्नात वाढायला जायचे, सर. पंगतीच्या टोकाला पोचेपर्यंत भाजीच्या बादलीत नुसता रस्सा उरायचा."

पाठ कसा घ्यायचा, हे डी.एड.ला आम्हा दोघांनाही सारखंच शिकवलं होतं. पण गावच्या पंगतीत आमच्या घराला पहिलं पान असायचं. बादलीचा तळ मी कधी पाहिलाच नाही. आजही वर्गात शिरलो की माझे पाय पहिल्या बाकापाशीच थांबतात.