चाकं जड लागतात

नव्वदीचं दशक संपता संपता आमच्या शाळेत खेळाचे नवे सर आले आणि येताना चाकांच्या बुटांनी भरलेलं एक पोतं घेऊन आले. शहरातल्या मुलांनी वापरून टाकलेले स्केट्स होते ते. पट्ट्या उसवलेल्या, चाकं एका बाजूने झिजलेली. सर म्हणाले, "यावर उभं राहून हॉकी खेळायची." आम्ही हसलो. आमच्याकडे साधी हॉकीसुद्धा कुणी खेळलेलं नव्हतं.

शाळेचं मैदान मातीचं, त्यामुळे सरांनी गावाबाहेरच्या भातगिरणीच्या मालकाला गळ घातली. गिरणीपुढे भात वाळत घालायला सिमेंटचं मोठं पटांगण होतं. भात पसरलेलं नसेल तेव्हा ते आमचं. आसनगावच्या बाजूने वारा आला की कोंडा उडून डोळ्यांत जायचा, आणि चाकाखाली एखादा दाणा आला की माणूस थेट आडवा.

सुरुवातीला सरांनी आम्हाला फक्त पडायला शिकवलं. मग म्हणाले, "काठी विसरा, बॉल विसरा. आधी पाय." पाय मागे नाही ढकलायचा, बाजूला ढकलायचा. गुडघे वाकलेले हवेत. "भीती डोक्यात नसते, गुडघ्यात असते," ते म्हणायचे. "गुडघा ताठ झाला की समजायचं, आली." माझे गुडघे कोपरांसकट सोलवटून निघाले, पण एक दिवस असं झालं की मी एक धक्का दिला आणि पटांगणाचं दुसरं टोक आपणहून माझ्याकडे आलं. त्या दिवसानंतर मला कुणी पकडू शकलं नाही. मुलंसुद्धा नाहीत. काठी हातात आली तेव्हा ती मला ओझं वाटली नाही, कारण पायांकडे बघायची गरजच उरली नव्हती. वर्गात मी शेवटच्या बाकावर बसणारी, विचारलं तरच बोलणारी मुलगी. गिरणीवर मात्र मी ओरडायचे, "इकडे दे, इकडे दे!" आणि मोठी मुलंही बॉल द्यायची.

माझ्या स्केट्सची सगळी देखभाल दादाकडे होती. तो शहापूरला नाक्यावरच्या गॅरेजमध्ये कामाला होता. चाकांच्या बेअरिंगमधल्या गोळ्या खराब झाल्या की बदलायचा, चाकं रॉकेलने धुवायचा, तेल द्यायचा, नट किती सैल ठेवायचे ते बोटाने चाक फिरवून बघायचा. मी त्यात कधी हात घातला नाही. लागलंच नाही तसं कधी.

बाबा दर रविवारी गिरणीवर यायचे. कठड्यावर बसायचे, विडी ओढायचे आणि मी जवळून गेले की "पळ गो, पळ!" म्हणून ओरडायचे. बाबा फार गोड माणूस. कुणाला नाही म्हणणं त्यांना जमायचंच नाही. शेजारचं कुणी बैल मागायला आलं तर बाबा हो म्हणायचे, आणि पहाटे आईला पाठवायचे, बैल लंगडतोय म्हणून सांगायला. आम्ही भावंडं यावर पोट धरून हसायचो.

मी नववीत असताना जिल्ह्याचा मुलींचा संघ निवडायचं ठरलं. निवड झाली तर पुण्याला महिनाभर शिबिर, मग स्पर्धा. सर आमच्या घरी आले, चहा प्यायले आणि बाबांना म्हणाले, "हिच्यासारखा स्पीड मी दुसऱ्या मुलीत पाहिला नाही. हिला पाठवायचीच." बाबांचा चेहरा उजळला. "पाठवू की सर. तुमी आहात म्हटल्यावर काय!" आईने मला जवळ ओढलं. मला वाटलं, घर एवढंसं झालंय आणि मी त्यात मावत नाहीये.

निवडीच्या सकाळी दादाने स्केट्सची पिशवी माझ्या हातात दिली. "सगळं बघून ठेवलंय. आता हात लावू नको," म्हणाला. सरांच्या ओळखीच्या जीपमधून आम्ही कल्याणला गेलो. बाबाही आले, आईने दिलेला डबा मांडीवर धरून.

तिथली फरशी गुळगुळीत होती, आरशासारखी. मी पहिला धक्का दिला आणि काहीतरी चुकलं. धक्का द्यायचे तेवढंच पुढे जायचे, मग थांबायचे. घसरत जाणं, ते तरंगणं, नव्हतंच. मी जोर वाढवला. मांड्या पेटल्या. जिला मी झोपेतही मागे टाकलं असतं अशी मुलगी शेजारून निघून गेली. मी काठी घेऊन बॉलपर्यंत पोचायचे तोवर बॉल तिथे नसायचा.

सर दुसऱ्या टोकाला निवड करणाऱ्यांशी बोलत होते. मी कठड्याशी आले. बाबा वाकले.

"बाबा, चाकं जड लागतात."

"फरशी वेगळी आहे गो इथली," बाबा म्हणाले. "होईल सवय. जा, पळ."

मी गेले. आणि तेव्हा माझे गुडघे ताठ झाले. सरांनी शिकवलेलं सगळं मला आठवत होतं आणि अंगात त्यातलं काहीच येत नव्हतं. मी बॉल मागितला नाही. एकदा माझ्याकडे आला तर घाईने दुसरीला देऊन टाकला. बाबा टाळ्या वाजवत होते. माझं नाव घेतलं गेलं नाही.

परतताना जीपमध्ये सर पुढच्या सीटवरून मागे वळले. म्हणाले, "स्पीड आहे तुझ्यात. कॉन्फिडन्स नाय. त्याला मी काय करणार?"

त्यानंतरच्या रविवारी मी गिरणीवर गेले. स्केट्स चढवले आणि पहिल्याच धक्क्यात पटांगण ओलांडलं. अगदी पूर्वीसारखं. मी तिथेच खाली बसले. चाकं खराब असती तर बरं झालं असतं. चाकं चांगली होती, म्हणजे वाईट मी होते. चार माणसं बघायला बसली की ढेपाळणारी. मी हळूहळू जायचं बंद केलं. सरांनी दोनदा निरोप पाठवला, मग त्यांचीही बदली झाली.

ही समजूत मी अंगात घालून वावरले. बारावीच्या तोंडी परीक्षेत मला उत्तरं येत असून आवाज फुटला नाही. नर्सिंगचा कोर्स केला, पण प्रात्यक्षिकाला मागे उभी राहायचे. कुणी विचारलं तर सांगायचे, "ऐनवेळी माझं काय खरं नसतं." हसत सांगायचे.

कोर्स संपल्यावर मुरबाडच्या एका दवाखान्याने मुलाखतीला बोलावलं. मी जाणार नाही म्हणाले. तो म्हसा गावच्या बैलांच्या जत्रेचा आठवडा होता. बाबांना बैल घ्यायचा होता म्हणून दादा आणि मी त्यांच्याबरोबर गेलो. बाबा व्यापाऱ्याशी सौदा करत होते, दोघांचे हात उपरण्याखाली, बोटं दाबून भाव चाललेला. दादा आणि मी घोंगड्यांच्या दुकानापाशी उभे होतो.

"मुलाखतीला का नाय जात?" दादाने विचारलं.

"माहितीये ना तुला. कल्याणला काय झालं ते."

दादा हातातली घोंगडी उलटसुलट करत राहिला. मग खाली बघून म्हणाला, "कल्याणला तुझी काय चूक नव्हती. नट मी आवळले होते."

मला कळलंच नाही.

"चाक फिरेल पण पळणार नाय, एवढे. आल्यावर परत सैल केले. बाबांनी सांगितलं होतं." आणि घाईने म्हणाला, "मी नको म्हणालो होतो. ते रडायला लागले."

समोर बाबांनी उपरण्याखालून हात काढला, सौदा ठरला होता. ते हसत आमच्याकडे बघत होते, नवा बैल कसा आहे ते विचारत असल्यासारखे.

टेम्पोत बैल चढवेपर्यंत मी थांबले. मग दादाला बाजूला व्हायला सांगितलं.

"बाबा, चाकं जड लागतात म्हणून मी तुझ्याकडे आले, तेव्हा तुला माहीत होतं?"

त्यांनी दादाकडे पाहिलं. मग बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

"सर घरी आले," ते म्हणाले. "एवढं कौतुक केलं तुझं. त्यांना नाय कसं म्हणायचं? महिनाभर परक्या गावात, मला झोप नसती लागली. आणि तू एवढी खूश. तुला तरी नाय कसं म्हणायचं गो?"

"म्हणून हे?"

"म्हटलं, नाय जमत हे तुझं तुलाच कळलं, तर वाईट कमी वाटेल."

"आणि टाळ्या कशाला वाजवत होतास?"

"तू रडशील म्हणून," बाबा म्हणाले. ते खरं बोलत होते. तेच मला सहन झालं नाही. ते नाही म्हणाले असते तर मी भांडले असते, उपाशी राहिले असते, कदाचित महिनाभर बोलले नसते. पण मी वेगवान आहे हे माझ्याकडे राहिलं असतं. दादाचा राग आला, पण तो पुढे ओसरला. त्याने निदान सांगितलं. बाबांनी स्वतःच्या डोळ्यांदेखत मला हळूहळू मिटत जाताना पाहिलं होतं. हसून "ऐनवेळी माझं काय खरं नसतं" म्हणताना ऐकलं होतं. एका वाक्याचं काम होतं.

मी मुलाखतीला गेले. भीती वाटली नाही असं नाही, पण आता ती माझी आहे की कुणी घातलेली, हे मी प्रत्येक वेळी तपासून बघायला लागले होते. प्रश्नांची उत्तरं जरा चढ्या आवाजात दिली. नोकरी मिळाली. घरी सांगितलं ते कामावर रुजू होऊन पहिला दिवस भरल्यावर.

नंतर एकदा, दवाखान्यातल्या एका मैत्रिणीच्या मुलीचे स्केट्स मागून घेऊन मी घालून पाहिले. पाय थरथरले, कंबर वाकेना, चार हात गेले आणि भिंत धरली. आपण किती पुढे गेलो असतो हे आता कळायची सोय उरलेली नव्हती. कदाचित फार नाही. पुण्यालाच हरून परत आले असते. ते हरणं मात्र माझं असतं.

बाबांशी मी बोलते. त्यांची औषधं मीच आणते, गुडघे दुखतात म्हणाले की तेल लावून देते. ते गोड आहेत, अजूनही कुणाला नाही म्हणत नाहीत. फक्त होऊ घातलेली कुठलीही गोष्ट मी त्यांना आधी सांगत नाही. लग्नही मी स्वतः ठरवलं, तारीख पक्की केली आणि मग घरी आले.

"आधी का नाय सांगितलंस गो?" बाबांनी विचारलं.

"राहिलं," मी म्हणाले.

त्यांनी आईला चहा टाकायला सांगितला.